तीन वाट्या तांदूळ आणि घरात दोघंच

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६६, यजमान ७१ वर्षांचे, निवृत्त, रक्तदाबाची गोळी चालू. मुलगा नागपूरला, मुलगी न्यू जर्सीत. यंदा दोघंही आपापल्या बिऱ्हाडांसह दिवाळीला आली, जाऊबाई आणि पुतण्याही होते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घरात अकरा माणसं. आता सगळी परतली. ताई लिहितात, "घर खायला उठतं. काल सवयीने तीन वाट्या तांदूळ धुतले आणि मग तिथेच ओट्याशी रडू आलं. हे पेपर आणि मोबाइल घेऊन बसतात, बोलत नाहीत. संध्याकाळ नकोशी होते, पहाटे चारलाच जाग येते. मुलगी रोज व्हिडिओ कॉल करते, पण फोन ठेवल्यावर जास्तच रिकामं वाटतं. मुलगा म्हणतो, थंडीभर नागपूरलाच या. काय करू? आणि फराळाचे पाच डबे तसेच आहेत, त्यांचं काय करू?"

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य तांदळाचं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. माणसं गेली तरी घराची मापं अजून अकरा जणांचीच आहेत. दूध, कुकर, दह्याचं भांडं, बाहेर काढलेल्या गाद्या, फोनच्या वेळा, सगळं. दिवसातून दहादा हात जुन्या मापाकडे जातो आणि दहादा कळतं की समोर कोणी नाही. मन रमवायला भजनी मंडळ किंवा योगवर्ग लावा, असा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. तो वाईट नाही, पण त्याची पाळी नंतर. आधी घर दोघांच्या मापाचं करा. त्याला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस हातांना कामही पुरतं.

आजच्या आज दूधवाल्याला सांगा. दिवाळीचा वाढीव रतीब पुष्कळ घरांत नुसता विसरल्यामुळे पंधरा दिवस चालू राहतो, मग रोज उरलेल्या दुधाचं काय करायचं ही आणखी एक चिंता. दोघांना चहा आणि दह्याला धरून एक लिटर पुरतं. पाच लिटरचा कुकर माळ्यावर टाका आणि तीन लिटरचा पुढे घ्या; मोठं भांडं डोळ्यांसमोर असलं की हात त्याच्या हिशेबाने धान्य काढतो. रात्री भाकरी असेल तर अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटीहून किंचित जास्त तूरडाळ दोघांना होते. तांदळाच्या डब्यात नेहमीची वाटी न ठेवता अर्ध्या वाटीचं छोटं माप टाकून ठेवा. मग मोजायचं लक्षात राहिलं नाही तरी चालतं.

दह्याचंही तेच. थंडीत दही लवकर विरजत नाही म्हणून आपण मोठं पातेलं लावतो आणि ते चार दिवस पुरवतो. तिसऱ्या दिवशी ते आंबट. अर्धा लिटर दूध करंगळी सात-आठ सेकंद सहज बुडवता येईल इतकं कोमट करा. उन्हाळ्यात अर्धा चमचा विरजण लागतं, आता एक भरून चमचा घ्या आणि ते थोड्या दुधात मोडून मग सगळ्यात मिसळा. भांडं टॉवेलात गुंडाळून कणकेच्या डब्याशेजारी कपाटात ठेवा. आठ ते दहा तास लागतील, मधे हलवून बघू नका. रात्री नऊला लावलं की सकाळी तयार.

बाजरी सुरू करणार असालच. दळण एका वेळी एक किलोच आणा. बाजरीत तेलाचा अंश गहू-ज्वारीपेक्षा जास्त असतो, म्हणून दळल्यावर आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होऊ लागतं आणि त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग भाकरी थापताना कडा चिरतात आणि आपण उगाच आपल्या हाताला दोष देतो. रोज रात्री दोन भाकरी धरल्या तर किलोभर पीठ साधारण आठवडाभर जातं.

आता फराळ. इथे जरा थांबू, कारण पाच डबे म्हणजे बरंच सामान आहे आणि त्यातलं निम्मं चुकीच्या कारणासाठी फेकलं जातं, उरलेलं चुकीच्या कारणासाठी ठेवलं जातं.

सादळणं आणि खवट होणं या दोन वेगळ्या गोष्टी. सादळलेला पदार्थ हवेतल्या ओलाव्याने मऊ पडलेला असतो, तो परत कुरकुरीत होतो. खवट पदार्थातलं तेल हवेने बिघडलेलं असतं, त्याला कितीही गरम करा, तो सुधारत नाही. ओळखायचं असं: डबा उघडल्याबरोबर, पदार्थ हलवायच्या आधी, वास घ्या. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर संपलं. शंका असेल तर चिवड्यातला खोबऱ्याचा काप आणि एक शेंगदाणा वेगवेगळा चावून बघा. खवटपणा आधी खोबऱ्याला लागतो, मग दाण्यांना, पोह्यांना सगळ्यांत शेवटी. नुसतं खोबरंच बिघडलं असेल आणि दाणे चांगले असतील, तर परातीत पसरून काप वेचून टाका, बाकीचा चिवडा आठवडाभर नीट राहतो.

सादळलेला चिवडा जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, पाच-सात मिनिटं सतत हलवत गरम करा. तेल अजिबात घालू नका. चकल्या तव्यावर एका थरात, झाकण न ठेवता, दोन्ही बाजूंनी मिळून दहा मिनिटं. घरात ओव्हन असेल तर १२० अंशांवर दहा मिनिटं. यानंतरची पायरी बहुतेक जण चुकवतात: पदार्थ ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचा, किमान पाऊण तास. कोमट असताना डब्यात भरलं की आतली वाफ झाकणाला लागते, खाली उतरते आणि दुसऱ्या दिवशी चकली पुन्हा चामट. मग लोक म्हणतात, गरम करून काही उपयोग होत नाही.

सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या करंज्या पंधरा दिवसांच्या आत संपवा. ओल्या नारळाचे रव्याचे लाडू उरले असतील तर ते एव्हाना फ्रिजमध्येच हवेत, आणि वास बघूनच खा. बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे महिनाभर टिकतात, त्यांची घाई नको. पाच डब्यांचे दोन डबे करा. अर्धा भरलेला डबा लवकर खराब होतो, कारण वरची सगळी हवा पदार्थाला लागते.

वाटायचं असेल तर याच आठवड्यात वाटा: रखवालदार, कामाच्या बाई, इस्त्रीवाले, शेजारची एकटी राहणारी मुलं. वीस दिवसांनी वास मारू लागलेला चिवडा कामाच्या बाईंना देणं म्हणजे कचरा त्यांच्या घरी पाठवणं, हे जरा परखड वाटेल, पण आहे खरं. तळणीचं उरलेलं तेल दाट, काळपट झालं असेल किंवा तापवताना लवकर धूर सोडत असेल तर टाकून द्या. बरं असेल तर गाळून आठवडाभरात फोडणीला वापरा; पुन्हा तळणीला नको आणि नव्या तेलात ओतायला तर मुळीच नको. सिंकमध्येही ओतू नका, थंडीत ते नळीत थिजतं.

अंथरूण-पांघरुणाचं काम यजमानांना बरोबर घेऊन करायचं. बोला, गप्पा मारा, असं सांगून गप्प माणूस बोलत नसतो. पण दुहेरी चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोन टोकं त्यांच्या हातात द्या. झटकून, ताणून, टोकाला टोक जुळवत दोघं जवळ येता, त्यांच्या हातातली टोकं तुम्ही घेता आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "ही नागपूरची चादर ना?" अकरा जणांच्या चादरी म्हणजे अशा आठ-दहा घड्या. एका दिवसात उरकू नका, तीन दिवसांत करा. ते माणसांच्या गर्दीतून नुकतेच बाहेर आलेत, थोडी शांतता त्यांना हवीशीही असेल. गप्प आहेत म्हणजे नाराज आहेत, असं लगेच धरू नका.

गाद्या अकरा ते तीन या वेळात उन्हात टाका, दीड-दोन तासांनी उलटा, काठीने झोडपा. चारच्या आत घरात घ्या, उन्हं उतरली की दमट गारवा कापसात बसतो. आणि घेतल्या घेतल्या घडी घालू नका. तासभर सावलीत निवू द्या, तापलेली गादी बंद केली की आत ओल धरते आणि पुढच्या वेळी कुबट वास येतो. वर प्लॅस्टिक नको, जुन्या सुती साडीची खोळ घाला. गोधड्या सगळ्या धुवायची गरज नसते: पातळ असतील त्या धुवा, जाड असतील त्यांना दोन दिवस ऊन द्या. ओली जाड गोधडी उचलणं तुमच्या वयाला पाठीचं दुखणं विकत घेणं आहे. तुमची रोजची ब्लँकेटं डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली असतील तर अंगावर घ्यायच्या आधी दिवसभर उन्हात आणि वाऱ्यावर असू द्या. त्या वासाने डोकं धरतं. निफाडचा पारा एक आकड्यावर आल्याची बातमी पेपरात यायच्या आत हे झालेलं बरं.

मुलांच्या खोल्या कुलूप लावून बंद करू नका, आणि त्यांनी टाकल्या तशा ठेवूही नका. अंथरुणं काढा, खिडक्या रोज दहाला उघडा, साडेचारला बंद. त्या बाजूच्या न्हाणीघरातला गिझर मुख्य बटणापासून बंद करा. आणि दर रविवारी तिथल्या मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी साचलेलं असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. वापर थांबला की दोन-तीन आठवड्यांत ते सुकतं, खोलीत घाण वास येऊ लागतो आणि आपण पलंगाखाली मेलेला उंदीर शोधत बसतो.

गिझरचा विषय निघालाच आहे तर: तुमच्याकडे गॅस गिझर असेल आणि तो न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल, तर थंडी आहे म्हणून खिडकी बंद करून अंघोळ करू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस शुद्ध हरपेपर्यंत कळत नाही. बादली आधी भरून, गिझर बंद करून मग अंघोळीला जाणं सुरक्षित. कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावणं यातही तोच धोका आहे. घरात अकरा माणसं असताना कोणी ना कोणी हाक मारतं. दोघंच असताना आतून कडी लावू नका.

आकाशकंदील मात्र लगेच उतरवू नका. तुळशीचं लग्न होऊन त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत तो राहू द्या, बऱ्याच घरांत तशीच रीत आहे. नंतर पणत्या धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात दोन तास भिजवा, घासा, दोन दिवस वाळवून कागदात गुंडाळा. तेलकट पणत्या तशाच ठेवल्या की पुढच्या वर्षी त्यांना धूळ चिकटून काळा थर बसतो, तो मग निघत नाही.

संध्याकाळ नकोशी होते, याला मनाइतकंच घड्याळही जबाबदार आहे. जूनमध्ये नाशिकला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या आधी. तुमची संध्याकाळ तासाहून जास्त लांबली आहे आणि नेमकी त्याच वेळी माणसं कमी झाली आहेत. म्हणून साडेचारला चहा, पाचला दोघांनी घराबाहेर, भाजी तेव्हाच आणायची, रोजची रोज, पाव-अर्धा किलो. अंधार पडायच्या आत परत येऊन घरातले दिवे आधीच लावलेले हवेत. अंधाऱ्या घराचं कुलूप उघडणं टाळा. सकाळचं फिरणं उलट उशिरा न्या. पहाटेच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि यजमानांना त्याची गोळी आहे. ऊन अंगावर आल्यावर, आठच्या पुढे निघा. गार हवेत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी होतं, तिकडेही लक्ष असू द्या.

पहाटे चारच्या जागेबद्दल आधी एक हिशेब करा. रात्री नऊला आडव्या होत असाल तर चारपर्यंत सात तास झोप झाली, त्यात बिघाड काही नाही. साडेदहापर्यंत जागून बघा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा.

मुलीच्या फोनकडे वळू. रोजचा व्हिडिओ कॉल लांबतो, कारण रोज सांगण्यासारखं काही नसतं, मग "जेवलीस का, थंडी आहे का" यातच वीस मिनिटं जातात आणि शेवटी दोघींचे डोळे भरतात. आठवड्यातून दोन वार ठरवा. इतर दिवशी एक फोटो किंवा एखाद्या मिनिटाचा आवाजी निरोप: आज बाजरीची पहिली भाकरी केली, ही बघ. वेळ ठरवताना एक ध्यानात घ्या. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. दिवाळीपर्यंत आपल्यात आणि न्यू जर्सीत साडेनऊ तासांचा फरक होता, आता साडेदहा तासांचा झाला. आपल्याकडे सकाळी सातला फोन लावला की तिकडे पूर्वी रात्रीचे साडेनऊ असत, मुलं झोपलेली. आता साडेआठ असतात, म्हणजे नेमकी मुलांना झोपवायची धांदल. "हल्ली फोनवर तुटक बोलते" असं वाटू लागलं तर रुसण्याआधी हे तपासा आणि सकाळी आठची वेळ करा. फोन ठेवल्यावर रिकामं वाटतं म्हणता, तर फोनच्या लगेच पुढे एक ठरलेलं काम ठेवा: झाडांना पाणी, देवपूजा, काहीही, पण उभ्याने करायचं.

मुलाकडे जरूर जा, पण थंडीभर नको आणि आत्ता लगेच नको. रिकाम्या घराला घाबरून निघालात तर परत येताना तेच घर दुप्पट रिकामं वाटेल. शिवाय मुलाचं घर चौघांच्या मापाचं आहे, तिथे तीन महिने तुम्ही दोघं कायम पाहुणेच राहाल. सून कितीही चांगली असली तरी. संक्रांतीला जा, पंधरा दिवस राहा आणि परतीचं तिकीट जातानाच काढा. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. १२ जानेवारीला नाशिकरोडहून निघायचं तर १३ नोव्हेंबरला सकाळी आठला तिकीट काढायला बसावं लागेल. हे काम यजमानांना द्या, मोबाइल तसाही त्यांच्या हातात असतो. ज्येष्ठांच्या कोट्यातून काढलं तर खालचा बर्थ मिळण्याची शक्यता चांगली.

हे सगळं करून दोन आठवडे उलटले आणि तरी बहुतेक दिवस रडू येत असेल, जेवण जात नसेल, आवडती गोष्टही नकोशी होत असेल, उशिरा झोपूनही पहाटे जाग येतच असेल, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि हे शब्द असेच्या असे सांगा. ते थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगतील बहुधा, तीही कारणं या वयात असतात. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. जगणं नको वाटतंय, असा विचार मनात आला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं.

राहिले डिंकाचे लाडू. दरवर्षी तुम्ही किलोच्या हिशेबाने करत असाल, यंदा कमी करा: डिंक १०० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं २००, खारकेची पूड २००, चिरलेला गूळ २५०, तूप १५० ते २००, बदाम ५०, खसखस २५ ग्रॅम, अर्धं जायफळ. वीस-बावीस लाडू होतात. डिंक आधी दिवसभर उन्हात ठेवा, मोठे खडे हरभऱ्याएवढे फोडून घ्या. हे फोडण्याचं काम बसून करण्यासारखं आहे, यजमानांच्या पुढ्यात खलबत्ता ठेवा. तूप मध्यम तापवा आणि एका वेळी चमचा-दोन चमचेच डिंक टाका. तूप फार कडक असेल तर खडा बाहेरून लाल होतो, आत कच्चा राहतो, आणि तोच मग दातांना चिकटतो. एक फुललेला खडा बोटांत दाबून बघा, सगळा चुरा झाला पाहिजे. गूळ चमचाभर तुपात फक्त विरघळू द्या. बुडबुडे येऊ लागले की पाक होतो आणि लाडू दगड. गॅस बंद करून सगळं त्यात मिसळा आणि सोसेल इतकं गरम असतानाच वळा. गार झाल्यावर वळत नसतील तर कढई गरम पाण्याच्या परातीत दोन मिनिटं ठेवा.

रोज सकाळी दोघांनी एकेक. यजमानांना साखर असेल तर त्यांना अर्धा. नागपूरला न्यायचे ते संक्रांतीच्या आठवड्यात वेगळे करा, आत्ताचे तोवर उरणार नाहीत.